नदीकडची बाजू

तिकीट काढून मी त्या हवेलीत शिरलो, हे माझ्या बापाला कळलं असतं तर त्यानं फाटकावरच माझ्या दोन कानशिलात ठेवून दिल्या असत्या. चौतीस वर्षं मी त्या बागेत कातर चालवली. बापानं माझ्याआधी एकतीस. रोज मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. आणि आता पुढच्या फाटकावर एक पोरगी माझ्या मनगटाला कागदाची पट्टी चिकटवते आणि म्हणते, "काका, झाडांना हात लावायचा नाही हं." म्हटलं, बरं बाई. त्यातली निम्मी मी लावलीत, पण बरं.

"तोंड वाकडं करू नका," बायको म्हणाली. तिच्या मंडळातल्या बायकांची सहल होती. नवऱ्यांनाही यायची मुभा होती, आणि सगळ्यांत मिळून आलेला नवरा मी एकटाच. सहल कुठं जाणार, हे मला बस सुटल्यावर सांगण्यात आलं. अशी पाताळयंत्री बाई आहे ती. नदीचं वळण दिसलं तेव्हा तिचा सगळा बेत माझ्या लक्षात आला. माझा धाकटा भाऊ, बारक्या, अजून तिथंच माळी आहे. आम्ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो.

का, ते सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बागेच्या टोकाला, दगडी तटावर, एक लांबलचक कुंपण आहे. कुंपण कसलं, पानांची भिंतच ती, डोक्यापेक्षा उंच. तिच्या आत बाग, आणि बाहेर वीस हात खाली नदी. ती कापायची दोघांनी, एकानं आतून, एकानं बाहेरून. बाहेर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तटाला लोखंडी आकडे बसवलेत आणि त्यांवर फळी टाकतात. मध्ये गच्च पानं, त्यामुळं दोघं एकमेकांना दिसत नाहीत. पलीकडच्याची फक्त कातर ऐकू येते. माझी एक, त्याची एक, माझी एक, त्याची एक, असा ताल धरून जायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उतरतात. बापानं आम्हाला दोन नियम घालून दिले होते. नदीकडची बाजू थोरल्याची, हा पहिला. दुसरा, कुंपणावर ओरडायचं नाही. ओरडलं की माणूस दचकतो, आणि फळीवर दचकला की संपला. जे सांगायचं ते कातरीनं. हवेत दोनदा वाजवली की थांब. तीनदा वाजवली की हातातलं सोडून फळीवरून उतर. बाप तीनदा वाजवायचा तेव्हा तटाच्या दाराशी गार पाणी घेऊन उभा असायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला फळीवर चक्कर आली. मग आणखी एकदा आली. बारक्याला म्हटलं, दोनच वर्षं काढायचीत, तू कुणाला सांगू नकोस. कारण तिथला कायदा असा की साठी पूर्ण केलेल्या माळ्याला आवारातल्या दोन खोल्या मरेपर्यंत मिळतात, आणि साठीच्या आत सुटला त्यानं तीन महिन्यांत चंबूगबाळं आवरायचं. बारक्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि चौथ्या दिवशी ऑफिसात जाऊन मॅडमना, म्हणजे मालकांच्या वतीनं कारभार बघणाऱ्या बाईंना, सगळं सांगून आला. मला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं आणि रस्ता मिळाला. ज्या खोल्यांत माझा जन्म झाला त्यांतून मी माझं सामान हातगाडीवर घालून नेलं. जाताना भर अंगणात त्याला म्हणालो, "पाठीत सुरा खुपसलास. माझ्या मयताला येऊ नकोस." ते घड्याळ मी आजवर टांगलेलं नाही.

तर त्या दिवशी आम्ही हवेलीत होतो. गाईड पोरगी एकेक दालन दाखवत होती. पलंग, पलंगाभोवती दोरी. जेवणाचं टेबल, त्याभोवती दोरी. टेबलावर मेणाची फळं. मंडळातल्या बायका "अगं बाई!" करत होत्या, आणि एकीला झुंबरावरची धूळ कोण पुसतं याचीच काळजी लागून राहिली होती. मी मुकाट्यानं मागून चाललो होतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण चौतीस वर्षांत मी त्या घराचा जिना चढलो नव्हतो. माळ्याचं वर काय काम?

वरच्या मोठ्या दालनात नदीकडं उघडणारी खिडकी आहे. पोरगी म्हणाली, "बाग मुळात या खिडकीतून बघायला आखलेली आहे." मी पुढं झालो. आणि बघतच राहिलो. खाली गुडघाभर उंचीच्या कुंपणांची नक्षी, वळणाला वळण जुळलेली, मध्ये कारंजं, मग दहा गोल झाडांची रांग, त्यापलीकडं ती पानांची भिंत आणि मग पाणी. आयुष्यभर मी ही नक्षी वाकून, वीत वीत करत कापली होती. ती अशी दिसते हे मला चौसष्टाव्या वर्षी, तिकीट काढून कळलं. डोळ्यांत पाणी आलं, त्यात लाज कसली.

"बारक्या भावजींनी छान ठेवलीय हो बाग," बायको हळूच म्हणाली.

मी हो म्हणणार होतो, इतक्यात मला ते दिसलं. दहा गोल झाडांपैकी पहिल्याच्या डाव्या अंगाला खड्डा होता. बशीएवढा. म्हटलं, हात चुकला असेल. दुसऱ्याच्या डाव्या अंगालाही खड्डा. तिसऱ्याच्याही. दहाच्या दहा झाडांना, त्याच अंगाला, तेवढाच. हात चुकला तर एकदा चुकेल, दोनदा चुकेल. आणि बारक्याचा हात? अहो, बारक्या डोळे मिटून लिंबासारखं गोल झाड कापायचा. असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

मी जिना उतरून थेट बागेत गेलो. मागून बायको, "अहो, अहो, बुटांची लेस सुटलीय!" झाडांपाशी जाऊन पानं हातात धरली. पट्टी चिकटवणारी पोरगी गेली उडत. उजव्या अंगाची पानं स्वच्छ कापलेली. डाव्या अंगाची टोकं चिरडलेली, काही फांद्या नुसत्याच सोडून दिलेल्या. पुढं नक्षीच्या कुंपणाला, कापायची रेष धरायला, एक सुतळी ताणून बांधलेली राहिली होती. आमच्या घरात सुतळी कुणी कधी लावली नाही. बाप म्हणायचा, सुतळी लावायची तर डोळे कशाला दिलेत. आणि या सुतळीला वीत वीत अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. बघून कापणाऱ्याला गाठी कशाला हव्यात? गाठी बोटांना लागतात.

कारंज्याजवळ पाटी होती. "दुपारी दोननंतर नदीकडील रस्ता बंद. छाटणीचे काम." मी बागेत काम करणाऱ्या एका पोराला विचारलं, बारक्याच्या जोडीला कोण असतं हल्ली? तो म्हणाला, कोणी नाही, आतली बाजू यंत्रानं होते, नदीकडची म्हातारबुवा एकटेच करतात. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं.

बारक्या अवजारांच्या खोलीबाहेर उलट्या बादलीवर बसला होता. डबा खाऊन झाला होता, कातरीला धार लावत होता. पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग दगड. नजर समोर कुठंतरी. केस पार पिकलेले. मी चार हातांवर, भर उन्हात उभा राहिलो.

पावलं ऐकून तो म्हणाला, "काका, पाहुण्यांनी इकडं यायचं नाही. संडास कारंज्याच्या डावीकडं."

माझ्या सख्ख्या भावानं मला काका म्हटलं. मला हसूच आलं.

"मला संडासला नाही लागलेली," मी म्हणालो.

त्याच्या हातातला दगड थांबला. "दादा?"

"कधीपासून, बारक्या?"

"कधीपासून काय?"

"गाठी बघून आलोय मी."

त्यानं दगड खाली ठेवला. मग मान थोडी वळवून, कोंबडं बघतं तसं एका कडेनं त्यानं मला बघायचा प्रयत्न केला. "डावा पूर्ण गेला. उजव्यात मधोमध काळा डाग आहे. कडेनं दिसतं. कडेनं कापता येतं, दादा."

"आणि फळीवर?"

"फळी पायाला कळते."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही जाईल." त्यानं कातर मांडीवर ठेवली. "दोनच वर्षं राहिलीत. हिचे गुडघे संपलेत. बाहेर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कशी नेऊ तिला? दोनच वर्षं काढायचीत. तू कुणाला सांगू नकोस."

शब्दसुद्धा तेच. मी याच खोलीच्या दारात उभा राहून ते त्याला म्हणालो होतो. तोंडात मारल्यासारखा मी उभा राहिलो.

"आज मी चढतो," म्हटलं. "नदीकडची बाजू माझीच आहे."

"तू चढ. तू चक्कर येऊन पड, आणि मी आंधळा तुला पाण्यात चाचपत बसतो."

आम्ही दोघंही हसलो. सहा वर्षांनी हसलो, आणि तेही कशावर. हसू थांबलं तसा तो म्हणाला, "दादा, एक खरं सांग. तू मला माफ केलंस?"

मी माझ्या सुटलेल्या लेसकडं बघत राहिलो.

"नाही ना केलंस? मग मीही करणार नाही. तेवढं ध्यानात ठेव, आणि मग काय करायचं ते कर."

बायको कारंज्याच्या कठड्यावर बसून बुटाची लेस बांधत होती. स्वतःच्या. माझी तशीच लोंबत होती. "बोललात ना?" तिचा चेहरा इतका फुलला होता की सांगायला माझी जीभ रेटेना. पण सांगितलं. खोल्यांचंही सांगितलं.

"मग इथं काय उभे आहात?" ती म्हणाली. "ऑफिसात जा."

"सगळी दुनिया म्हणेल की सूड उगवला."

"दुनियेला पोहता येतं का?"

"तोही तेच म्हणेल गं. त्याला तर खरंच वाटेल."

तिनं खाली वाकून माझी लेस बांधली, घट्ट, आणि माझ्या पायावर थोपटलं.

ऑफिस तबेल्यांच्या मागं आहे. दाराबाहेर तोच शिपाई, त्याच स्टुलावर. त्याला सगळे घोटभर म्हणतात, कारण येईल त्याला तो "घोटभर पाणी घ्या" म्हणतो. मॅडम फोनवर होत्या. मी दाराशी थांबलो. खरं सांगतो, फोन संपला तरी मी थांबलोच. हात कडीकडं जाईना. मनात आलं, परत फिरावं. कुणाला काय माहीत मी काय बघितलं? पडायचाच असता तर आत्तापर्यंत पडला असता. दोन वर्षं बघता बघता जातील. असं सगळं मी स्वतःला सांगितलं.

"घोटभर पाणी घ्या," शिपाई म्हणाला. मी ग्लास घेतला. तो म्हणाला, "तुमचा भाऊपण इथंच उभा होता. तेव्हा. अर्धा तास. दोनदा परत गेला, दोनदा आला. तीन ग्लास पाणी प्यायला."

सहा वर्षांत मला कधी वाटलं नव्हतं की तो उभा राहिला असेल. माझ्या डोक्यात तो धावत आला होता, चुगली करून धावत गेला होता. मी ग्लास खाली ठेवला आणि कडी वाजवली.

मॅडमना मी आठवत होतो. बसा म्हणाल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. झाडं, गाठी, डोळे, सगळं. त्या उठल्या तेव्हा त्यांची खुर्ची मागं पडली. "अहो, तो आज लवकर चढलाय," त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं, सहलीची बस दोनला निघते, नदीकडं कोणी येणार नाही, आधी सुरू केलंस तरी चालेल म्हणून."

आम्ही धावलो. मी चौसष्ट वर्षांचा, त्या पन्नाशीच्या, टाचांच्या बुटांत. कुंपणापाशी पोचलो तेव्हा पलीकडून कातर ऐकू येत होती. एकटी कातर. एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. त्या बऱ्याच वेळात तो बोटांनी चाचपत असणार. तटाच्या टोकाचं छोटं दार उघडं होतं. मॅडमनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मी त्यांच्या तोंडासमोर हात धरला. मालकांच्या जागी असलेल्या बाईच्या तोंडासमोर. म्हटलं, "ओरडू नका. पाया पडतो, ओरडू नका."

कुंपणाशी उभ्या असलेल्या ढकलगाडीत एक जुनी कातर होती. मूठ बघितली, बापाचीच. मी तिथं कुंपणाला लागलो आणि कापायला सुरुवात केली. एक.

पलीकडं शांतता. मी परत कापलं. एक.

मग त्याची आली. एक. माझी एक, त्याची एक. चार-पाच हात आम्ही तसे सरकलो असू. माझा ताल नाही सुटला. त्याचाही नाही. मला ते थांबवावंसं वाटत नव्हतं. शरम वाटते सांगायला, पण वाटत नव्हतं.

मग मी कातर वर उचलली आणि हवेत तीनदा वाजवली.

फळी कुरकुरली. तटाच्या दगडावरून हात घासत येण्याचा आवाज दारापर्यंत आला. तो वाकून आत आला, आधी पाऊल टेकवून बघितलं, मग दुसरं टाकलं. चेहऱ्यावर घाम होता, आणि तो हसत होता. लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून.

"पाणी आणलंस?" तो म्हणाला.

माझ्या हातात पाणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "कातर माझ्याकडं द्या."

त्यानं आवाजाकडं मान वळवली. मग माझ्याकडं. हसू कुठं गेलं ते मी सांगत नाही. कातर त्यानं दिली, मूठ पुढं करून, पातं स्वतःकडं धरून, जशी देतात तशी. मग म्हणाला, "ऑफिसात सांगितलंस ते ठीक. मीपण सांगितलं होतं. पण मी तुला तीनदा वाजवून नव्हतं उतरवलं, दादा."

"बारक्या..."

"माझ्या मयताला येऊ नकोस."

"नाही येणार," मी म्हणालो, आणि तिथं सगळ्यांसमोर, मंडळातल्या बायका बसकडं निघाल्या होत्या त्यांच्यासमोर, ढसाढसा रडलो. तो भिंतीला हात लावत खोल्यांकडं निघून गेला. मॅडम त्याच्यामागून गेल्या. त्याला पगारी रजा मिळेल, डोळ्यांचा खर्च मिळेल, असं काहीतरी सांगत होत्या. खोल्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी त्यानं खोल्या सोडल्या. आम्ही तळमजल्यावर राहतो. पुढची खोली मी रिकामी केली, रंग दिला, दाराला उंबरा होता तो काढून टाकला. बायको सांगायला गेली. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे, पण त्यानं नाही म्हटलं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. भावजय सहसा खाली उतरत नाही. तो खिडकीशी बसतो.

बापाची कातर मॅडमनी मला दिली. तेवढी मागितली होती मी. रोज संध्याकाळी, पाचच्या सुमाराला, मी ती घेऊन त्याच्या खिडकीखाली जातो आणि तीनदा वाजवतो. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली असते. पहिल्या आठवड्यात शेजारच्यांनी वरून डोकावून बघितलं, की हा कोण वेडा. आता कोणी बघत नाही. दुकानदार म्हणतो, काका, आज उशीर झाला. खिडकी काही हलत नाही. मी दहा मिनिटं थांबतो आणि घरी येतो. पाऊस असला तर छत्री घेऊन बायको सोबत येते. ती म्हणते, तुम्ही सहा वर्षं घेतलीत, त्याला तेवढी तरी द्या. मी म्हणतो, सहा वर्षांनी मी सत्तरीचा असेन. ती म्हणते, मग असा.

काल मी वाजवली आणि बाटली खाली ठेवून उभा राहिलो. वर काहीतरी खुट् झालं. मग आवाज आला. घरातली साधी कात्री असावी, आवाज बारीक होता. एकदा. आणि मग, मी श्वास रोखून उभा असताना, अजून एकदा. तिसऱ्यांदा नाही.

दोनदा म्हणजे थांब. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. सात वाजता बायको शोधत आली तेव्हाही तिथंच होतो.